नवमीचा डबा

मयूर विहार, दिल्ली
शनिवार, ४ ऑक्टोबर २०२५

ती. अहिल्यावन्संना,

भानुमतीचा नमस्कार. दसरा झाला, सोनं लांबूनच घ्या. इथं आपटा मिळत नाही. कचनारची पानं तशीच दिसतात, आम्ही दिल्लीतले लोक तीच वाटतो. एक आत ठेवलंय. पोचेपर्यंत चुरा झाला तर झाला.

आम्ही तिघं बरी आहोत. ह्यांची रिटायरमेंट दोन वर्षांवर आली. गुडघा दुखतो, पण डॉक्टरचं नाव काढलं की दुखायचा थांबतो. रुचिता नोएडाला नोकरीवर जाते, सकाळची मेट्रो बरोबर पकडते आणि डबा ओट्यावर विसरते. तुमचं तुम्ही कळवत नाही, म्हणून बरंच असेल असं धरते. माझा फोन तुम्ही उचलत नाही. ह्यांच्याशी राखीपौर्णिमेला दोन मिनिटं बोलता, तेही बार्शीत ऊन किती आणि दिल्लीत ऊन किती. म्हणून पत्र. चौथी शिकलेल्या बाईचं आहे, चुकांना हसा, पण फाडू नका.

फाडू नका हे आधीच सांगते, कारण पुढं मृणालदींचं नाव येणार आहे. तुम्ही तीन वर्षांपूर्वी नवमीला जाताना म्हणालात, ती बाई समोरच्या दारात राहते तोवर भावाचा उंबरा ओलांडणार नाही. पाळलंत तसंच. ह्यांनी पण ऐकून घेतलं. ज्या मृणालमॅडमच्या हाताखाली वीस वर्षं ऑफिसात काम केलं, सरोजिनी नगरचे क्वार्टर पाडायला काढले तेव्हा ज्यांनी हे घर शोधून दिलं, त्यांच्याशी बोलणं कसं तोडायचं ते ह्यांना जमेना. आणि बहिणीला कसं समजवायचं तेही जमेना. मग ते गप्प बसले. तुमच्या भावाला गप्प बसणं फार चांगलं जमतं.

तर आधी पूजेचं सांगते. तुम्ही म्हणाल आम्हाला काय करायचंय. तरी ऐका.

आमच्या मागच्या मैदानात मांडव पडतो तो तुम्ही खिडकीतून पाहिला होता. तुम्ही घटापुढून हलला नाहीत, तेव्हा खिडकीतूनच पाहिला. ही बंगाली माणसं वर्षभर दिसत नाहीत. सकाळी बॅग घेऊन ऑफिसला, रात्री घरी, जिन्यात गाठ पडली तर मान हलवायचे पण कष्ट. पूजा जवळ आली की त्यांना काय होतं देव जाणे. मीटिंगा सुरू, भांडणं सुरू. यंदा मांडवाचं कापड पिवळं का लाल यावरून दोन म्हातारे आठवडाभर एकमेकांशी बोलत नव्हते. षष्ठीला ढाक वाजले, म्हणजे त्यांचे ते पिसांचे तुरे लावलेले मोठे ढोल, वाजवणारे खास बंगालहून येतात, आणि त्या आवाजासरशी दोघं एकाच बाकावर बसून चहा प्यायला लागले. कापड पिवळंच लागलं होतं. लालवाला म्हणाला, "लाइट में लाल ही दिखता है." झालं, मिटलं.

पाच दिवस कुणाच्या घरी गॅस पेटत नाही. जेवण मैदानात, भांडण मैदानात, पोरींची स्थळं पण मैदानातच बघतात. रोज नवा कपडा. आपण नऊ दिवस उपाशी राहून देवीला बोलावतो, हे जेवून बोलावतात. मला पहिल्यांदा रागच यायचा. मी मृणालदींना तोंडावर विचारलं होतं, "देवी के दिनों में इतना खाते हो, शरम नहीं आती?" त्या म्हणाल्या, "भानु, बेटी मायके आई है. बेटी घर आए तो माँ भूखी बैठती है क्या?" त्यांच्याकडे देवी लेक म्हणून येते. चार पोरं घेऊन येते, नवऱ्याला डोंगरावर ठेवून. आपल्या गौरी येतात तशीच. गौरींना आपण पुरण करतो, उपास नाही धरत.

यंदा मी त्यांच्यात पूर्ण घुसले. पहिल्या संध्याकाळी बायका घरून एकेक पदार्थ करून आणतात आणि टेबलं मांडून बसतात, त्याला आनंदमेळा म्हणतात. मी साबुदाणा वडे घेऊन बसले. एक जाडसर बाबू आले, वडा हातात फिरवून बघितला. "यह साबू है? साबू तो हम बुखार में खाते हैं."

मी म्हटलं, "तो समझो बुखार है. खाओ."

खाल्ला. मग परत आले. मग बायकोला घेऊन आले. तासाभरात परात पुसून निघाली. मला दुसरं बक्षीस मिळालं, पाच लिटरचा कुकर. पहिलं बक्षीस सेक्रेटरीच्या बायकोला. ते दर वर्षी तिलाच असतं, ती काहीही करून आणो.

सप्तमीला पहाटे केळीच्या खुंटाला आंघोळ घालून साडी नेसवतात आणि गणपतीच्या शेजारी नवी नवरी उभी करावी तसा उभा करतात. माझ्या निऱ्या चांगल्या पडतात म्हणून मला बोलावलं. मी म्हटलं, नऊवारी नेसवू का? त्यांचा पुरोहित असा घाबरला की मंत्र विसरला. मृणालदी हसून हसून खुर्चीत बसल्या. शेवटी पाचवारीच नेसवली, लाल काठाची. घुंगट मात्र मी ओढला तो कुणी बदलला नाही.

अष्टमीला सहाशे माणसांची खिचडी होती. मूगडाळ आधी कोरडी भाजून घेतात, वास असा सुटतो की रस्त्यावरची माणसं आत येतात. मोठ्या कढईपाशी तीन बंगाली आणि मी. त्यांनी डाव हलवायचा, मी ओरडायचं. तेवढं काम मला चांगलं जमलं. संध्याकाळी आरतीला मातीच्या धुपाटण्यात नारळाची शेंडी पेटवून हातात घेऊन नाचतात. पोरी नाचत होत्या, मग बायका. रुचितानं मला ढकललं. ढोल असा वाजत होता वन्सं, की पाय माझे राहिले नाहीत. धुरानं डोळ्यातून पाणी, घामानं ब्लाउज चिकटलेला, दोन्ही हातांत निखारे आणि मी नाचतेय. तुमचे भाऊ कडेला उभे. "अगं, काय करतेस?" मी म्हटलं, "नाचतेय, दिसत नाही का?" मग तेही टाळ्या वाजवायला लागले. लग्नात तरी वाजवल्या होत्या का ते आठवत नाही.

इतकं हसले ह्या पाच दिवसांत. तुम्ही असता तर म्हणाला असता, बाई वेडी झाली. म्हणाला असता तर बरं वाटलं असतं.

मधे उठले होते. रुचिताचे मित्र आले, चहा केला. आता दुपारचे तीन वाजलेत. हे बाल्कनीत पेपर घेऊन बसलेत. पुढचं लिहायचं म्हणून सकाळपासून पुरी चार पानं दुसरंच लिहिलंय मी.

दशमीला लेक सासरी जाते. बायका एकेक करून पुढं जातात, विड्याच्या पानानं देवीचा चेहरा पुसतात, तोंडाला मिठाई लावतात, कानाशी सांगतात, पुढच्या वर्षी ये. यमुनेत आता विसर्जन करू देत नाहीत, मैदानाच्या टोकाला खड्डा खणून पाणी भरतात. तिथं ट्रॅक्टरमधून मूर्ती उतरली की ढाक थांबतो. मग विजया. म्हणजे सगळ्यांनी सगळ्यांना मिठी मारायची, मोठ्यांच्या पाया पडायचं, घरोघर जाऊन गोड खायचं. ज्याच्याशी भांडण असेल त्याच्याकडे आधी जायचं. आणि जो लांब असेल त्याला पत्र लिहायचं. विजयेचं पत्र. कालीपूजेपर्यंत, म्हणजे आपल्या दिवाळीपर्यंत लिहिलं तरी चालतं, त्याच्या पुढं नाही. आता कुणी लिहीत नाही, मोबाइलवर फुलं पाठवतात. मृणालदी लिहितात. सत्तरी ओलांडली, हात कापतो, तरी वीसेक पत्रं लिहितात.

मी त्या संध्याकाळी त्यांच्याकडे नारळाचे लाडू खायला गेले. टेबलावर पत्रांचा ढीग. म्हटलं पत्ते लिहायला मदत करते, म्हणजे पाकिटं चिकटवते. वरचंच पाकीट उचललं. हिंदीत होतं, म्हणून वाचता आलं. अहिल्या, बार्शी, जिल्हा सोलापूर.

मी विचारलं, "यह क्या है?"

त्या म्हणाल्या, "तुम्हारी ननद. हर साल लिखती हूँ. माफी माँगती हूँ. जवाब नहीं आता, पर लिखना तो मेरा काम है." पत्ता ह्यांनीच दिला होता, मला न सांगता. तीन वर्षं तीन पत्रं गेली वन्सं. हे चौथं होतं.

तुमच्याकडे आली असणार. तुम्ही उघडली नसणार, मला माहीत आहे तुमचा स्वभाव. पण फेकली नसतील तर आता उघडून बघा. त्यात त्या ज्याची माफी मागताहेत ते त्यांनी केलेलंच नाही.

आता लिहिते. एकदाच लिहीन, परत विचारू नका.

मृणालदींच्या घरात नवमीला देवीपुढं ठेवून मटण करतात. कांदा नाही, लसूण नाही, आलं-जिरं आणि तूप. त्यांच्या आईची रीत. आम्ही समोर राहायला आलो तेव्हापासून त्याचा एक डबा दर नवमीला आमच्याकडे यायचा. मी तो झाकून फ्रिजमध्ये ठेवायची आणि दसऱ्याला दुपारी हे खायचे. म्हणजे मला पक्कं माहीत होतं. त्या दिवशी तुमच्यादेखत डबा आला तेव्हा त्या नेहमीसारखंच म्हणाल्या, "भोग है, प्याज-लहसुन नहीं है." पुढं सांगायची त्यांना गरज नव्हती. आम्ही दोघी जाणत होतो.

हे घटाची माती आणि उगवलेलं धान्य घेऊन बाहेर गेले होते. तुमचं पारणं होतं. तुम्ही नऊ दिवस माझ्या स्वयंपाकघरात उभ्या राहून विचारत होता. हे भांडं कुठलं, हे तेल कुठलं, पाणी कधी भरलं, हात धुतले का. नवव्या दिवशी मला तुमचा आवाज पण नको झाला होता. डबा फ्रिजमध्ये ठेवायचा तो मी ओट्यावर ठेवला, पोळ्या करायला लागले. तुम्ही झाकण उघडलंत. विचारलंत, "भानू, ही फणसाची भाजी आहे का?"

मी पोळी लाटत होते. वर बघितलं नाही. म्हटलं, "हो."

तुम्ही म्हणालात, "या दिवसांत फणस?"

मी म्हटलं, "दिल्लीत सगळं मिळतं."

एवढंच. तुम्हाला बाटवायचं माझ्या मनात नव्हतं, देवाशपथ. तुम्ही वाढून घ्याल असंही वाटलं नाही. नुसतं तुमचे प्रश्न थांबावेत एवढंच हवं होतं. पण तुम्ही वाढून घेतलंत, आणि मी पाहिलं, आणि तव्यावरची पोळी उलटली. दुसऱ्या घासाला तुम्हाला हाड लागलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावून तुम्ही त्यांच्या दारात जाऊन ओरडलात. त्यांना मराठी कळत नाही. पूजेची साडी नेसून हात जोडून उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "भानु, तुमने बताया नहीं?" आणि मी तुमच्या मागून म्हटलं, "मुझे क्या पता, मैंने समझा कटहल है."

हे दुसरं खोटं. पहिलं तोंडातून निसटलं होतं, हे मी विचार करून बोलले. तुमची माळ परत घालून घ्यायला तुम्हाला किती फिरावं लागलं ते ह्यांच्याकडून कळलं. तेव्हाही बोलले नाही. मृणालदींनी त्या वर्षापासून ते मटण करायचंच बंद केलं. म्हणतात, आपल्याच चुकीनं कुणाचा धर्म गेला, ते पातेलं परत चढवायला हात होत नाही. आईकडून आलेली तेवढी एकच गोष्ट त्या करायच्या. मी त्यांच्याकडे रोज चहा प्यायची.

परवा ते पाकीट हातात धरून मी सगळं सांगितलं. माझी हिंदी अशा वेळी फार वाईट होते, पण समजलं त्यांना. पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "तीन साल. तुमने मुझसे तीन साल माफी मँगवाई."

मी म्हटलं, "हाँ."

त्या बंगालीत काहीतरी बोलल्या. बरंच बोलल्या. एक अक्षर कळलं नाही आणि सगळं कळलं. मग लाडवांची ताटली माझ्यापुढं सरकवली. "खाओ. आज विजया है, आज गुस्सा मना है. कल से करूँगी."

खरंच केलं. काल सकाळी मी तीन वेळा घंटी वाजवली, दार उघडलं नाही. आत रेडिओ चालू होता. दुपारी उघडलं, साखळी लावूनच. फटीतून विचारलं, "चिट्ठी लिखी?" मी म्हटलं नाही. "तो पहले लिखो. कालीपूजा तक का टाइम है. उसका जवाब आएगा, तब चाय पीने आना." आणि दार बंद. मला हसू आलं आणि रडू पण आलं, दारातच. वर राहणाऱ्या बाई म्हणाल्या, क्या हुआ जी? मी म्हटलं, डाँट पड़ी है. इतक्या वर्षांत पहिल्यांदा बरोबर माणसाला पडली, त्याचं बरं वाटलं.

आता मला काय हवं ते सांगते. मृणालदींना दोन ओळी लिहा. मराठीत लिहा, हे वाचून दाखवतील. राग माझ्यावर ठेवा, सगळाच्या सगळा ठेवा. आणि भाऊबीजेला या. तेवीस तारखेला आहे. हे दर वर्षी करोल बागेतून तुमच्यासाठी साडी आणतात. म्हणतात पाठवतो, आणि पाठवत नाहीत. तीन साड्या कपाटात आहेत. रंग पुरुषानं निवडलेत, म्हणजे तुम्हीच समजा. मी समोर नको असेन तर तेवढे दिवस माझ्या बहिणीकडे कोल्हापूरला जाईन. स्वयंपाकघर तुमच्या ताब्यात. सगळी भांडी विचारून घ्या, तेल विचारून घ्या. मी असले तर सगळ्याचं खरं उत्तर देईन, शंभरदा विचारलंत तरी.

ह्यांना अजून सांगितलेलं नाही. मृणालदींपुढं तोंड उघडलं, तुम्हाला लिहिताना हात चालला, पण ह्यांच्यापुढं दोन दिवस पाणी ठेवते, चहा ठेवते आणि परत येते. बहीण तोडली ती समोरच्या मॅडममुळे असं ते तीन वर्षं धरून बसलेत, आणि तोडणारी त्यांच्याच घरात पोळ्या लाटत होती. म्हणून असं ठरवलंय. हे पाकीट त्यांच्या हातात उघडंच देते. सांगते, आधी वाचा, मग डिंक लावा, मग पेटीत टाका. वाचून फाडलं तर तो त्यांचा हक्क. तुम्ही हे वाचत असाल तर समजा, त्यांनी डिंक लावला.

पाया पडते, या वेळी खरंच.

भानुमती